नमुना आन, मंग बोलू

गजू,

तुला जाऊन पंधरा दिवस झाले, तरी गिऱ्हाईक अजून तुलाच मागतं. काल बोरगावकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. रुमालात गुंडाळलेलं ऑइल सील काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "गजूभाऊले बोलवा." मी म्हटलं, गजूभाऊ वारले. "अरे देवा," म्हणून त्यानं हात जोडले, वर पाहिलं आणि त्याच दमात विचारलं, "मंग हे कोन पाहून देईन आता?" मी चिडलो नाही. त्याचा ट्रॅक्टर वावरात उभा होता, त्यानं दुसरं काय विचारावं? सील घेतलं, वर्नियरनं मोजलं, कॉम्प्युटरवर नंबर काढला, नवीन दिलं. ते हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. "हेच आहे ना नक्की?" असं त्यानं मला तीनदा विचारलं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आठ महिने रोज तुझ्याबरोबर एका दुकानात राबलो, एका डब्यातून भाजी खाल्ली, आणि ती सांगितली नाही. आता लिहायला बसलोय तर तिच्यापाशी जायला हात कचरतोय. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे. तू असतास तर म्हणाला असतास, "महाराज, मंत्र कमी करा, पिंडापाशी या."

महाराज हे नाव तूच पाडलंस. अमरावतीला आमच्या घरी तीन पिढ्यांची भटजीकी. माझ्या बापानं मला संध्या शिकवली, रुद्र शिकवला आणि मी शेठच्या दुकानात ऑटो पार्ट विकायला उभा राहिलो, तेव्हा घरात आठ दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. तू भातकुलीचा, कपाशी-तुरीच्या वावरातून आलेला, माझ्या आधी दोन वर्षं लागलेला. पहिल्या दिवशी माझ्या हाताला ग्रीस लागलं आणि मी ते धुवायला तीनदा नळावर गेलो. तू सगळ्यांसमोर ओरडलास, "अरे महाराजाले सोवळं आनून द्या रे कोनी!" सगळं दुकान हसलं. मला त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी यायचंच नाही असं ठरवलं होतं. आलो. नंतर शेठनं अकोल्याला दुसरं दुकान काढलं आणि आपल्या दोघांना इकडे पाठवलं. एकोणीस वर्षं एका काउंटरमागे. बायकोबरोबरसुद्धा मी इतके तास काढलेले नाहीत.

लोकांना वाटतं काउंटरवर काय काम असतं. मागेल ते द्यायचं. माझा मेहुणा शाळेत मास्तर आहे, तो म्हणतो, तुमचं बरं आहे, उभं राहायचं आणि डबे काढायचे. त्याला एक दिवस मे महिन्यात अकरा ते दोन उभा करायला हवा होता. सहा माणसं एकदम बोलतायत. एकाला फिल्टर हवा आहे, गाडी कुठल्या सालची विचारलं तर म्हणतो, "लाल हाये." दुसरा मोबाइल नाकापुढे धरतो, त्यात अंधारात काढलेला फोटो, त्यात मिस्त्रीचा अंगठा सोडून काहीच दिसत नाही. तिसऱ्यानं मिस्त्रीलाच फोनवर धरलेलं असतं आणि तो मिस्त्री सांगत असतो, "ते गोल गोल राह्यते ना, त्याच्या मांगचं." चौथा कालचा पार्ट परत घेऊन आलेला, ठोकून ठोकून चपटा केलेला, आणि म्हणतो लागतच नाही. चूक मिस्त्रीची असो, कंपनीची असो, गाडीची असो, शिवी काउंटरला. संध्याकाळी पाय सुजून चपलेच्या पट्ट्यात रुतायचे. स्टूल एकच, आणि त्यावर बसलं की अमरावतीहून शेठचा फोन. शेठनं कॅमेरा लावला तेव्हापासून ते तिथं बसून मोबाइलवर आपल्याला बघतात. "कॅमेऱ्यात पाच जन उभे दिसून राह्यले. काय करून राह्यले तुमी?" लघवीला जायचं तरी कॅमेऱ्याकडे बघून करंगळी दाखवायची. तू दाखवायचास, मी हसायचो. मला कधी दाखवायचा धीर झाला नाही.

आणि एवढ्या कल्लोळात तू प्रत्येकाला एकच सांगायचास: "नमुना आन, मंग बोलू." जुना, तुटलेला, झिजलेला पार्ट हातात आल्याशिवाय तू नवीन काढायचा नाहीस. जुना डाव्या अंगठ्याखाली, नवीन उजव्या, डोळे अर्धे मिटलेले. मग "घेऊन जा" किंवा "हे नोय." कॉम्प्युटर आला तेव्हा आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, गजू, नंबर असतो, कॅटलॉग असतो, कंपनी काय वेडी आहे का? तू म्हणायचास, "डबीवर काय लिवलं ते डबीले माईत, आत काय हाये ते अंगठ्याले माईत." मी म्हणायचो, तुझ्या अंगठ्यामुळे गर्दी साचते. तू म्हणायचास, "साचू दे. त्याची गाडी रस्त्यावर चालाची हाये, कॉम्प्युटरवर नाई."

पहिल्या उन्हाळ्यात तू मला शिकवायचा प्रयत्न केलास. दुपारी दुकान ओस असलं की माझे डोळे मिटायला लावायचास, दोन्ही हातांत एकेक रबर द्यायचास. मोठं कोणतं? मी चुकायचो. पुन्हा. पुन्हा चुकायचो. तू कधी कंटाळला नाहीस, हसलास मात्र पोटभर. "बापानं दर्भ पकडाले शिकोलं, रबर कायले समजन," म्हणायचास. पण एकदा एका ट्रकवाल्यानं मी विकलेल्या पंपावरून भांडत माझी कॉलर धरली, तेव्हा तू काउंटरवरून उडी मारून मध्ये पडलास. त्याला म्हणालास, "याले कायले मारतं? आंधी मले मार, मंग पंप दाखव." पंप उलटा बसवलेला होता. तो माणूस पुढं वर्षानुवर्षं तुझं गिऱ्हाईक राहिला. माझी फाटलेली कॉलर तू दुकानातल्या स्टेपलरनं टाचलीस. हे मी विसरलो नव्हतो, गजू. मे महिन्यातल्या त्या दिवशीसुद्धा विसरलो नव्हतो, आणि म्हणूनच जास्त लाज वाटते.

आता सांगतो.

चाकाच्या ब्रेक सिलिंडरचं रबर. नाण्याएवढं, काळं. आपल्याकडे त्याची दोन मापं येतात, फरक नखाच्या जाडीएवढा. कंपनी एक, रंग एक, डबी सारखी, फक्त डबीवरचा शेवटचा आकडा वेगळा. लहान रबर मोठ्या सिलिंडरमध्ये घातलं तर सुरुवातीला धरतं. गाडी तापली की तेल सुटतं आणि पाय दाबला की ब्रेक रिकामा जातो. हे मी तुला काय सांगतोय, तूच मला सांगितलेलं आहे.

त्या मंगळवारी सकाळी एक मिस्त्री नमुना घेऊन आला. तू मागं रॅकवर चढलेला होतास. मी दोन्ही डब्या उघडल्या, दोन्ही रबरं काउंटरवर काढली, नमुन्याशी लावून बघितली. उघडल्या तेव्हा दोन्ही आपापल्या डबीत होती, हे मला पक्कं आठवतं, कारण मी नंबर बघून मापं घेतली होती. तेवढ्यात मिस्त्रीला फोन आला, "येतो मांगून" म्हणून तो गेला. आणि मला शेठचा फोन आला. कॅमेऱ्यात काउंटरवर पसारा दिसत होता. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि "हो शेठ, हो शेठ" करत पसारा आवरला. दोन रबरं दोन डब्यांत टाकली, डब्या रॅकमध्ये सारल्या. कोणतं कोणत्या डबीत गेलं ते मी बघितलं नाही.

तासाभरानं शंकरभाऊ आला. अकोटहून टेम्पोत भाजी आणायचा तो, नेहमीचा. टेम्पो बाजाराजवळ अडकला होता, मिस्त्रीनं चाक खोलून ठेवलं होतं, त्यानं फोनवर मॉडेल सांगितलं होतं. नमुना नव्हता. तू म्हणालास, "नमुना आन, मंग बोलू."

"गजूभाऊ, टमाटे सडून राह्यले ना," तो म्हणाला. "अर्धा घंटा गेला का फेकाच लागते."

मागं आठ माणसं. शेठचा पुन्हा फोन. पंखा गरम हवा फेकत होता. आणि मी काउंटरच्या दुसऱ्या टोकावरून ओरडलो, "गजू, दे ना! डबीवर नंबर आहे ना? एकदा तरी नंबरावर विश्वास ठेव!"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग डबी काढलीस, नंबर वाचलास आणि न उघडता दिलीस. एकोणीस वर्षांत मी तुला डबी न उघडता देताना पाहिलं ते तेवढं एकदा.

दुसऱ्या दिवशी परतताना ब्रेक रिकामा गेला आणि टेम्पो निंबाच्या झाडावर आदळला. शंकरभाऊचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानं पोलिसांत कुणाचं नाव घेतलं नाही. चौथ्या दिवशी त्याचा मिस्त्री आला, काउंटरवर रिकामी डबी ठेवली आणि शेजारी ते रबर. डबीवरचा नंबर बरोबर होता. तू रबर उचललंस, अंगठ्याखाली फिरवलंस, आणि तुझ्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. "हे याचं नोय," तू म्हणालास. शेठ फोनवरच होते, स्पीकरवर. त्यांनी विचारलं, दिलं कोणी?

"म्या देल्लं," तू म्हणालास. "सोमवारी म्याच उघडल्या होत्या ह्या डब्या. माह्याच हातून अदलाबदल झाली असन."

तू सोमवारी उघडल्या होत्यास, खरं आहे. पण मी मंगळवारी उघडल्या तेव्हा त्या बरोबर होत्या. मला त्याच क्षणी सगळं दिसलं: खांद्यातला फोन, दोन डब्या, माझा हात. मी मागं गेलो, रॅकमधली दुसरी डबी उघडली. त्यात शंकरभाऊचं रबर होतं. मोठं. मी ते काढून मोठ्या मापाच्या दुसऱ्या एका डबीत घातलं, डबी जागेवर ठेवली, बाहेर आलो आणि तुझ्या शेजारी उभा राहिलो.

का बोललो नाही? मी हे स्वतःला खूपदा विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर बनवलं. खरं उत्तर एवढंच आहे की भ्यालो. त्याच महिन्यात शेठ म्हणाले होते की आता कॉम्प्युटर आहे, काउंटरला एक माणूस पुरे. मला वाटलं, कुणाला तरी जावं लागणार आहे, ते तू जा. इतक्या स्वच्छ शब्दांत वाटलं नव्हतं कदाचित. पण वाटलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी सांगू असं ठरवलं, मग आठवड्यानं सांगू, मग पाऊसपाणी झालं की सांगू. दिवस गेले तसतशी आधी का नाही सांगितलं, हीच गोष्ट मूळ चुकीपेक्षा मोठी झाली.

शेठनं तुला काढलं नाही. त्याहून वाईट झालं. तू प्रत्येक डबी तीनदा उघडायला लागलास. साधा बल्ब असला तरी. गिऱ्हाईक वैतागायचं, पलीकडच्या दुकानात जायचं. तू अंगठ्याखाली पार्ट फिरवत राहायचास आणि काही कळत नसल्यासारखा थांबायचास. मग तो पार्ट माझ्यापुढं धरायचास आणि म्हणायचास, "महाराज, पाह्य बरं. हेच हाये ना?"

मला विचारायचास. जगात दुसरा माणूस नव्हता का तुला? मी "हो, हेच" म्हणायचो आणि तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून द्यायचास. दिवसातून वीस वेळा. कधी कधी मी तुझ्यावर खेकसायचो, गजू, लहान आहेस का आता, तुला समजत नाही का? तू तो पार्ट पुन्हा अंगठ्याखाली फिरवायचास. दिवाळीच्या आधी शेठनं तुला काउंटरवरून काढून मागच्या गोदामात बसवलं. "आराम करा थोडा," म्हणाले. तिथं कॅमेरा नव्हता, स्टूल होतं, सावली होती. तुला त्या स्टुलावर बसलेलं मी कधी बघितलं नाही. उभाच असायचास, रॅककडे तोंड करून.

दर रविवारी तू एसटीनं अकोटला शंकरभाऊकडे जायचास. पहिल्यांदा त्याच्या बायकोनं तुला अंगणातच उभं ठेवलं, तू उभा राहिलास आणि आलास. दुसऱ्या रविवारी पुन्हा. मग हळूहळू घरात घेतलं. दवाखान्यातल्या सिस्टरकडून तू पायाची पट्टी बांधायला शिकलास आणि शंकरभाऊची पट्टी बांधून द्यायचास. सोमवारी मला सांगायचास, जखम सुकून राह्यली, जेवला बरोबर, आज हासला. "येतं का एखांद्या रयवारी?" असं विचारायचास. मी कधी सासुरवाडी पुढं केली, कधी कंबर. एकदाही आलो नाही.

कार्तिकातल्या एका सोमवारी तू काहीच बोलला नाहीस. दुपारी डबा उघडला आणि पोळी हातात धरून म्हणालास, "शंकरभाऊनं येऊ नको म्हटलं."

काय झालं, मी विचारलं.

"राग नाई केला गा. चांगल्यानं बोलला. म्हणे, गजूभाऊ, तुमी दारात दिसले का जो पाय नाई तो ब्रेक दाबाले जाते."

तू ती पोळी परत डब्यात ठेवलीस. गजू, मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो. तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हणालो, "जाऊ दे रे, खा." त्यानंतर तुझे रविवार मोकळे झाले आणि तू दीड महिन्यात संपलास. वहिनी सांगतात, सकाळी दुकानात यायला निघालास, एक पाय चपलेत घातलास आणि दारातच बसलास.

दशक्रिया भातकुलीला, पेढी नदीच्या काठी झाली. मी दूर उभा होतो. लोक कावळ्याची वाट बघत होते. मला आतून वाटत होतं की येऊ नये. त्यानं अडून बसावं, सगळे अडकून पडावेत, आणि मग मला पुढं होऊन बोलावंच लागावं. कावळा लगेच आला. पान ठेवून लोक मागं सरकलेही नव्हते, तर त्यानं घास उचलला. तुझा मोठा भाऊ डोळे पुसत म्हणाला, "काईच राह्यलं नोतं माह्या भावाचं." सगळ्यांना बरं वाटलं. भटजीचा पोरगा असून मला तेव्हा समजलं की राहिलेलं ज्याचं होतं तो पिंडावर नव्हता, उन्हात चपला काढून उभा होता.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. शोभावहिनी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काही तरी हाताला काम हवं म्हणून. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फोन, दोन डब्या, शेठ, रॅकमधलं दुसरं रबर. मी "दे ना" म्हणून ओरडलो तेही. त्या शेंगा सोलत राहिल्या. सांगून झालं तेव्हा त्यांच्या हातात एक शेंग न सोलता तशीच होती.

"जेवाले बसले का ते अंगठा पाहात," त्या म्हणाल्या. "म्हणत, शोभा, याच्यातलं ध्यान गेलं. म्या खोबऱ्याचं तेल चोळलं. सुंठ लावली. मले वाटे नस दबली असन."

मी माफी मागितली.

"मले कायले मांगता?" त्यांचा आवाज चढला नाही. "हे त्यायले सांगाचं होतं. आठ म्हयने होते तुमच्यापाशी. अथी बसून जेवून गेले तुमी, महाराज, दिवाळीले. माह्या हातचे अनारसे खाल्ले." मग सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "आता अकोटले जा. त्या मानसाले सांगा. माह्या मानसाचं नाव काढा त्याच्यातून."

मी आधी शेठला फोन केला. म्हटलं, निदान तिथून तरी सुरुवात करावी. मला वाटलं ते ओरडतील, काढून टाकतील. खरं सांगतो, काढून टाकतील अशी आशाच होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता गेलेल्या मानसाचं उकरून काय करता? काउंटरवर चार जन उभे दिसून राह्यले, त्यायले पाहा." आणि फोन ठेवला. मी त्या चौघांना पाहिलं. एकाला वायपर हवा होता.

आज सकाळी, चार-पाच गिऱ्हाइकांना तसंच सोडून, मी अकोटची एसटी धरली. तू ज्या रस्त्यानं दर रविवारी गेलास त्या रस्त्यानं पहिल्यांदा गेलो. घर विचारत विचारत सापडलं. जिथं विचारलं तिथं लोक म्हणायचे, "ते पट्टीवाले भाऊ येत, त्याच घरी ना?" मी हो म्हणायचो. शंकरभाऊ दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सायकलची ट्यूब पाण्यात बुडवत होता. आता पंक्चर काढतो. मला त्यानं ओळखलं, काउंटरवरचा दुसरा.

"गजूभाऊ गेले," मी म्हणालो.

त्याच्या हातातली ट्यूब बुडबुडे सोडत राहिली. "कवा?"

मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, उभ्याउभ्याच, कारण त्यानं बस म्हटलं नव्हतं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. त्यानं मला मारावं असं वाटत होतं. खुर्चीशेजारी पान्हा पडलेला होता.

सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं. "मंग तो काहून येत होता माह्याकडे?"

"त्याला वाटत होतं, त्याच्या हातून झालं."

"अन् तुमाले माईत होतं."

"हो."

त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, मांडीवर ठेवली. पाणी त्याच्या पँटच्या दुमडलेल्या पायावरून खाली गळत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता, जिकडून तू यायचास तिकडे.

"त्या मानसाले म्या दारातून वापस पाठोलं," तो म्हणाला. "पट्टी बांधून देये माही. पट्टी झाली का हात धुवाच्या आंधी कपाळाले लावे. अन् म्या त्याले म्हटलं, तुमी नका येऊ." त्याचा आवाज फाटला. "आता म्या कोनाची माफी मांगू, सांगा ना. तुमी आले ना सांगाले? सांगा."

मी तसाच उभा राहिलो. त्याच्या बायकोनं माझ्यापुढं दार लावून घेतलं, तेव्हा निघालो.

तुझा हात चुकला नव्हता. हे आता शोभावहिनींना माहीत आहे, शेठला माहीत आहे, शंकरभाऊला आणि त्याच्या बायकोला माहीत आहे. उद्या काउंटरवर जो कुणी तुझं नाव काढेल त्यालाही मी सांगणार आहे. सगळ्यांना माहीत होईल, एक तू सोडून.